कान लावून घेतलेला कॉम्प्युटर

यंत्र कोणतेही असो, कान लावल्याखेरीज आमच्या साडूभाऊंनी त्याच्यावर कधी विश्वास ठेवला नाही. आणि एकदा कान लावल्यावर मात्र जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाचे मत त्यांनी जुमानले नाही. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान धडगावच्या घाटात एसटी चालवून निवृत्त झाले आणि रनाळ्याला घरी येऊन बसले. बसले, हे आपले म्हणायचे. लग्नात सगळे वऱ्हाड हातात अक्षता घेऊन उभे असते, तेव्हा हे मांडवामागे जनरेटरजवळ उकिडवे बसलेले सापडतात आणि जवळून जाणाऱ्याला शांतपणे सांगतात, "आते हाऊ बंद पडी." तो पडतोच. आमच्याकडे चहाला आले तर स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ऐकून रबर बदलायला सुचवतात. फ्रिज घेताना त्याचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी ऐन उन्हाळ्यात दुकानातले सारे पंखे बंद करायला लावले होते. दुकानदार घाम पुसत होता आणि हे फ्रिजच्या पाठीला गाल लावून उभे होते. प्रवासी म्हणून बसमध्ये बसले तरी त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर ब्रेक दाबत असतो.

या माणसाला डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेने विझत चालली होती, गेलेली परत येणार नव्हती, आणि मोटारसायकलसुद्धा चालवायची नाही अशी ताकीद मिळाली. साडूभाऊंनी किल्ली आक्कांच्या हातात ठेवली आणि बोलणेच सोडले. कुकर शिट्ट्या देत राहिला, यांनी मान वर केली नाही. साडूभाऊंचा आवाज थांबलेला तो काळ आम्हा सर्वांनाच फार जड गेला.

मग एके दिवशी नंदुरबारच्या एका दुकानात त्यांनी पडद्यावर ट्रक चालवण्याचा खेळ पाहिला. स्टेअरिंग खरे, पायाखाली क्लच-ब्रेक खरे, फक्त रस्ता खोटा. घरी येऊन ते आपण होऊन बोलले. तसा कॉम्प्युटर तयार घेणे आवाक्याबाहेरचे होते, म्हणून सुटे भाग घेऊन आपणच जोडायचा असे त्यांनी ठरवले आणि मोबाईलवर हिंदी व्हिडिओ कानाशी धरून अभ्यास आरंभला. आक्कांनी मला अंगणात बाजूला घेतले. "भाऊ, त्यास्ले समजाडा. हाई बी बंद पडनं ते त्या परत उठाव नहीत," असे त्या म्हणाल्या. साडूभाऊंना परावृत्त करीन, असा मी त्यांना होकार दिला. आत जाऊन साडूभाऊंचा चेहरा पाहिला आणि त्यांनाही होकार दिला. दोघांना हवे ते बोलून मोकळे होण्याची माझी ही सवय मला ठाऊक आहे. या वेळी मात्र मी तिच्यामुळे खरोखर घाबरलो होतो.

भाग निवडताना त्यांनी एकच कसोटी लावली: धडगावचा घाट. दिव्यांनी झगमगणारी पेटी त्यांनी पाहताक्षणी नाकारली. वरातीची गाडी घाट चढत नाही, असे त्यांचे म्हणणे. साधी, पण समोर भरपूर जाळी असलेली पेटी घेतली, कारण इंजिनाला वारा लागतो. प्रोसेसर मागच्या पिढीचा चालेल, मात्र रॅमची एक मोठी पट्टी नको, दोन लहान हव्यात. बसच्या मागच्या चाकांप्रमाणे वजन जोडीने उचलले जावे. वीज पुरवणाऱ्या डब्यात मी थोडी काटकसर सुचवली, तेव्हा ते माझ्याकडे नवशिक्या ड्रायव्हरकडे पाहावे तसे पाहू लागले. "इंजिन मोठं लिधं आनि बॅटरी हलकी टाकी, ते गाडी घाटमा उभी ऱ्हास, भाऊ." मी यादीत मोठा डबाच लिहिला.

अडचण पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची होती. नवे परवडत नव्हते, म्हणून वापरलेले घ्यायला आम्ही बसने सुरतला गेलो. विक्रेत्याने आधीच बजावले की चालू करून दाखवीन, पण दुकानाबाहेर गेलेला माल परत घेणार नाही. त्याने यंत्र सुरू केले तसे साडूभाऊ डोळे मिटून वाकले आणि कान थेट पंख्याजवळ नेला. "काका, कान दूर रखो, बाल खिंच जाएगा," विक्रेता म्हणाला. साडूभाऊंनी हात वर करून त्याला थांबवले. ओळीत आणखी गिऱ्हाइके होती, कोणी हसत होते, आणि मी आक्कांना दिलेला होकार आठवत उभा होतो. बऱ्याच वेळाने ते सरळ झाले. "चांगला शे. धूळ खायेल शे, मार नही खायेल," एवढेच म्हणाले आणि कार्ड टॉवेलात गुंडाळून परतीच्या वाटेवर मांडीवरून खाली ठेवले नाही.

जोडणीच्या दिवशी प्रथम पूजा झाली. नवी गाडी घरी आली की जे होते तेच: पाटावर सगळे भाग मांडले, नारळ ठेवला, आणि आक्कांनी मन लावून एकेका भागाला हळदकुंकू वाहिले. मग साडूभाऊ बसले. बारीक अक्षरे मी वाचत होतो, स्क्रू ते बोटांनी शोधत होते. शेवटी बटण दाबले. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला.

पुन्हा दाबले. पुन्हा तेच. आक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. सुरतचे कार्डच वाया गेले, असे माझे मन म्हणत होते. साडूभाऊंनी पेटीला कान लावला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "कार्ड फिरी ऱ्हायनं. दुसरं काही तरी अडकेल शे," ते हळूच म्हणाले आणि एकेक भाग काढून बोटे फिरवू लागले. रॅमच्या पट्टीवर बोट थांबले. त्यांनी ते माझ्यासमोर धरले. बोट लाल होते. पट्टीच्या कडेला जी सोनेरी दातांची रांग असते, तीच आक्कांना सगळ्यांत शोभिवंत वाटली होती आणि दोन्ही पट्ट्यांना त्यांनी तिथेच कुंकू लावले होते.

आक्कांच्या डोळ्यांत पाणी आले. साडूभाऊ मात्र कित्येक महिन्यांनी हसले. "अवं, कुंकू बोनेटले लावतस. तू डिझेलना टाकीमा टाकं."

त्यांच्या नातीच्या कंपासपेटीतले खोडरबर आणून मी ते सोनेरी दात स्वच्छ होईतो घासले. पट्ट्या खटकन बसल्या, बटण दाबले, आणि पडदा उजळला. आक्का आत गेल्या आणि चहाचे आधण ठेवल्याचा आवाज आला.

साडूभाऊंनी स्टेअरिंग धरले. पडद्यावर कुठल्याशा परक्या देशातला डोंगर होता, तरी प्रत्येक वळणाआधी ते हॉर्न वाजवत होते. थोड्या वेळाने उजवीकडून आलेला एक ट्रक त्यांना दिसला नाही आणि धडक बसली. त्यांनी स्टेअरिंग सरळ केले. मग पुढे पाहतच म्हणाले, "भाऊ, जरा उजवे बाजूले बठा. कोनी येस का, सांगत जा." मी खुर्ची ओढून बसलो.

तेव्हापासून दर रविवारी मी रनाळ्याला जातो. ते चालवतात आणि मी हळू आवाजात सांगतो: ट्रक आहे, थांबा, मोकळे आहे, चला. अलीकडे ते डावीकडचेही विचारू लागले आहेत. का, ते मी विचारत नाही. डावीकडचेही सांगतो.