खांड पडली त्या अमावस्येला

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या. मी गावच्या घरी वडे तळत होते. पितरांच्या पानाला आमच्याकडे वडे आणि खीर लागतेच, म्हणून सकाळीच खारघरहून आले होते. अर्धे वडे उतरल्यावर वहिनीला विचारलं, "आय कुठाय?"

"बांधावर गेली. नारळ घेऊन."

"कवा?"

"अकराचा चा घेतला न गेली. मी बोलले, ताईंना घेऊन जावा. ऐकतात काय?"

बारा वाजत आले होते. मी गॅस बंद केला. चपला घातल्या नाहीत. बांधावर त्या उपयोगाच्या नसतात.

आमची उरलेली शेती खाडीला लागून आहे. खाडी आणि भात यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाच्या काठापर्यंत येतं, आणि खेकड्यांनी कुठे भोक केलं असेल तर तिथून माती सुटत जाते. जे भगदाड पडतं त्याला खांड म्हणतात. खारं पाणी आत शिरलं की उभं पीक जातं, आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत धड काही येत नाही.

लहानपणी "खांड पडली" अशी हाक आली की आई हातातलं टाकून पळायची. आम्हा दोघा भावंडांना घरात ठेवून बाहेरून कडी लावायची. गावातली माणसं छातीएवढ्या पाण्यात खांडीच्या तोंडाशी ओळीनं उभी राहायची, पाठ पाण्याकडे करून, आणि त्यांच्या आडोशाला बाकीचे पेंढा आणि चिखल दाबत जायचे. वडील गेल्यावर आमच्या घरातर्फे त्या ओळीत आई असायची. मी दाराच्या फटीला डोळा लावून बसायचे. पाण्यानं ओळ तोडली तर कोण कुठे जाईल, एवढाच विचार. ती यायची चिखलानं माखून. आधी देव्हाऱ्यासमोर उभी राहून काहीतरी पुटपुटायची, मग हातपाय धुऊन तवा चढवायची. घाबरलात का, असं तिनं कधी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

शेतातलं पाणी खाडीत सोडायला बांधात लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. आमच्या उघाडीजवळ शेंदूर लावलेला एक दगड आहे. सर्वपित्रीला पितरांच्या आधी त्याला नारळ द्यायचा, हा आईचा नेम. भरतीचा तिचा हिशोब तिथीवर. अमावस्येला सूर्य डोक्यावर आला की पाणी भरतं, त्याच्या आत जाऊन यायचं. पण गेल्या काही वर्षांत शेजारच्या खारजमिनींवर भराव पडला आहे. पूर्वी चहूकडे पसरणारं पाणी आता आमच्याच बांधावर येतं, लवकर येतं आणि जास्त चढतं. भाऊ तिला हे सांगून थकला होता. "मी हितं जलम काढला, न तू मना पानी शिकवतंस?" एवढं बोलून ती विषय संपवायची.

बांधाच्या वळणावर आले तेव्हा आवाज आधी ऐकू आला. नळ फुटल्यासारखा, पण कितीतरी मोठा. पुढे बांधच नव्हता. पाच-सहा हातांची खांड पडली होती आणि खाडी त्यातून आमच्या भातात कोसळत होती. पलीकडे उघाडीचा खांब धरून आई बसली होती. तिच्या मागेही बांधावरून पाणी वाहत होतं. म्हणजे दोन्हीकडून वाट बंद. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं होतं.

"आये, हलू नको!"

"कुठं हलू? जागा हाय काय?" मग थोड्या वेळानं, "वडे झाले काय गो?"

मला रडू येत नाही सहसा. तेव्हाही आलं नाही. तिच्या पायाखालच्या बांधाची ढेकळं एकेक करून सुटत होती. एक पडलं की मी मोठ्यानं "आये!" म्हणायचे आणि ती "हाय, हाय" म्हणायची. शहात्तर वर्षांची बाई, गुडघे गेलेले, पोहता येत नाही. सगळं आयुष्य खाडीच्या काठी काढून आमच्या गावात एकाही बाईला पोहता येत नाही.

वहिनी कपडे वाळत घालायची दोरी काढून घेऊन आली. ती फेकून उपयोग नव्हता, ओढ फार होती. आम्ही दोघी उभ्या राहिलो. आई दगडाकडे तोंड करून बोलत होती. देवाला विनवत असेल असं वाटलं, पण आवाजाचा सूर भांडणाचा होता.

पाणी उतरायला लागलं तेव्हा ऊन कलायला आलं होतं. कमरेइतकं झाल्यावर दोरी फेकली. तिनं ती कमरेला बांधली आणि आली. अलीकडे पाय टेकताच वाकून एक ढेकूळ उचललं, खांडीत टाकायला. मी ते तिच्या हातातून हिसकावलं आणि ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही.

"तुजा बाप पण असाच वरडायचा," ती म्हणाली.

संध्याकाळी भाऊ आला. म्हणाला, परवा पोकलेन आणतो, उद्या मिळत नाही.

"परवा काय मीठ पिकवाचा?" आई म्हणाली. "उद्याचा पानी आजच्यापेक्षा मोठा. सकाली मी जानार."

तिला कुणी अडवू शकत नाही हे आम्हा तिघांना माहीत होतं. तिचे पाय सुजले होते. रात्रभर ढेकळं पडत राहिली, मी डोळे मिटले की एकेक. पहाटे कधीतरी लक्षात आलं की आज घट बसायचे आहेत. आमच्या घरात घटाचा दिवा आई लावते, आणि ज्यानं लावला त्यानं दुसरा सूर्य उगवेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. हा नियम तिच्या सासूचा, तिनं तो एकदाही मोडलेला नाही. म्हणून तर ती शेतावरचं उरकून दुपारून घट बसवते.

उजाडायच्या आत परसातली माती चाळून घेतली, धान्य निवडलं, तांब्या घासला, पाट मांडला. आई उठून आली आणि बघत राहिली.

"मुहूर्त सकाळचाच आहे," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"आज तुला देव बरा आठवला." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर, बांधाच्या दिशेला. तिला सगळं कळलं होतं. आंघोळ करून आली, धान्य पेरलं, आणि बराच वेळ काडी हातात धरून बसली. मग दिवा लावला.

"पेंढा आडवा टाका, उभा नको," पाठ न वळवता म्हणाली. "न चिखल खाडीचा घ्या."

वहिनीनं पेंढ्याचा भारा घेतला, मी घमेलं. भाऊ फावडं घेऊन पुढे गेला होता. ओहोटी होती, तरी खांडीत मांडीएवढं पाणी होतं. उतरताना मी काठावरचं गवत घट्ट धरलं. ते सोडायला मला वेळ लागला. मग सोडलं आणि पाठ खाडीकडे करून उभी राहिले.