येळवशीची फेरी

लातूर नवा जिल्हा झाला आणि आमच्या रस्त्याला जीपगाड्या सुरू झाल्या. जिल्हा उस्मानाबादला होता तोवर सायब लोक कधीमधी दिसायचे. आता अहमदपूर-लातूर रस्त्यावर रोज धुरळा. गावाला त्याचं लई कौतुक. मी मात्र गाडीचा आवाज आला की हातातलं काम टाकून बघायला जायची, कारण त्या रस्त्याला लागूनच आमची तूर होती आणि तुरीच्या मधोमध नवऱ्यानं गांजा लावला होता.

पावसानं त्या साली पार दगा दिला होता. मूग-उडीद करपून गेले. हंगाम संपत आला तेव्हा नवरा किनवटकडून कुणाकडून तरी मूठभर बी घेऊन आला. तुरीत कुणाला दिसतंय, म्हणाला. चांगल्या साली खरंच दिसलं नसतं. आमची तूर माणूस गिळते. पण त्या साली ती कमरेलासुद्धा लागेना, पानंही झडलेली. विहिरीच्या तळातलं पाणी घागरीनं आणून मी ज्यांना घातलं, तेवढ्या गांजाच्या दोन ओळी मात्र वर आल्या. थंडी पडली तसं सगळं रान पिवळं आणि मधेच तो हिरवागार पट्टा. वारा सुटला की वास बांधापर्यंत यायचा. अरे देवा, आंधळ्यालाही कळलं असतं.

आंधळं म्हणावं तर घरात सासूबाई होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि शेतात येणं फक्त येळवशीच्या सणाला. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. शेजारच्या गावात असंच एकाला धरलं होतं, बेड्या घालून भर बाजारातून नेलं. त्याची बायको लेकरं घेऊन माहेरी गेली ती गेलीच. मला सातवा लागला होता. मी नवऱ्याच्या हातापाया पडले, उपटून टाका म्हणाले. तो म्हणायचा, आत्ताच फूल धरलंय, थोडं थांब. तो थांबला, आणि मी रोज मरत राहिले.

मग येळवस आली. त्या अमावास्येला आमच्याकडं घरात कुणी राहत नाही. रानात कडब्याची कोपी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ताकातली आंबील आणि रोडगे यांचा निवद दाखवायचा. रस्त्यानं जाणाऱ्याला जेवल्याबिगर सोडायचं नाही. आणि घरच्या पुरुषानं आंबिलीचं गाडगं घेऊन सगळ्या पिकात शिंपत फेरी मारायची. दुष्काळ असला म्हणून काय झालं, सासूबाईंनी उसनंपासनं करून सगळं साग्रसंगीत केलं होतं.

निवद झाला आणि रस्त्यानं गाडीचा आवाज आला. सासूबाईंना काय दिसणार, त्या बांधावर उभ्या राहून पदर हलवायला लागल्या, या जेवाया, या. गाडी थांबली. खाकी कपड्यातला सायब उतरला, मागून ड्रायव्हर. नवरा विहिरीपाशी होता. त्यानं एकदा बघितलं, माझ्याकडं नाही, गाडीकडं, आणि ओढ्यात उडी टाकून पसार झाला.

सायब पुण्याकडचा, नवीनच आलेला. त्याला येळवस ठाऊक नव्हती, ड्रायव्हरनं वाटेत सांगितली म्हणे. मांडी घालून बसला, भज्जी दोनदा मागून घेतली. आंबील वाढताना माझी नजर तुरीकडं, निम्मी त्याच्या ताटाबाहेर. ताई, तुम्ही बसा, जड अंगानं वाकू नका, म्हणाला. मला रडायलाच यायला लागलं. आता जेवून गेला की सुटलो, एवढंच मनात घोकत होते.

सासूबाई लेकाला हाका मारमारून दमल्या. फेरीची वेळ टळून चालली होती. शेवटी त्या सायबाकडं वळल्या.

"लेकरा, आमचा कुठं उलथलाय देव जाणे. आज आमच्यात जेवलास, म्हंजी तू घरचाच झालास. तेवढी फेरी मारून ये. सगळ्या पिकातनं जा, मधलं सोडू नको."

त्यांच्या तोंडावर हात दाबावा असं वाटलं मला. ड्रायव्हर जेवून आडवा झाला होता. सायब मात्र हौसेनं उठला. गाडगं माझ्या हातात, तो लिंबाच्या डहाळीनं शिंपतोय. मी त्याला बांधाबांधानं नेऊ लागले, मधे भेगा पडल्यात, जनावर असतंय, काय वाट्टेल ते सांगितलं. तो म्हणाला, आजींनी सगळ्या पिकात सांगितलंय, आणि आत शिरला. मी काय करणार, गाडगं घेऊन पुढं झाले.

आधी वास आला. तो थांबला. त्या ओळींकडं बघितलं, मग माझ्याकडं, माझ्या पोटाकडं. मी गाडगं तसंच पुढं धरलं. सायबानं डहाळी गाडग्यात बुडवली आणि बाकीच्या पिकावर शिंपलं तसंच त्याच्यावरही शिंपलं. परत फिरताना हळूच बोलला.

"आज मी तुमच्याकडं जेवलोय, ताई. उद्या सकाळी मी ड्युटीवर असेन."

गाडी गेली तशी मी पदर खोचला. एकेक झाड मुळासकट उपटलं, तळहात सोलून निघाले. सगळं पडक्या आडात टाकून वर माती लोटली. सासूबाई कोपीतून विचारत राहिल्या, काय करायलीस गं, आणि मी म्हणत राहिले, तण काढते. सकाळी जीप आली, आमच्या रानापाशी हळू झाली आणि निघून गेली. मी बांधावर बसून हमसून हमसून रडले. वाचला होता माझा नवरा.

तो पंधरवड्यानं आला, दाढी वाढलेली, किनवटच्या जंगलात राहून. ओढ्याच्या काठावरून त्यानं सगळं बघितलं होतं: पुढं मी, मागं सायब, थेट त्या ओळीत. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. फेरीला मीच धाडलं म्हणून सासूबाईंनी देवाची शपथ घेतली. त्यानं ऐकून घेतलं, माझ्या हातची भाकरी खाल्ली, वर पाणी प्यायला. मग माझ्याकडं न बघता विचारलं,

"आन सायबानं तुला फुकटच सोडलं व्हय?"

मी ताट उचललं. सगळा हिवाळा ज्याला बेड्या पडतील म्हणून मी जिवाला घोर लावून घेतला होता, त्याला त्याच दिवशी धरून नेलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.