पुसलेली ओल

आमच्या इमारतीत त्यांना सर्वजण सिस्टर म्हणतात. रुग्णालयातील नोकरी संपून बराच काळ लोटला. तरी चादरीचे कोपरे त्या आजही काटकोनात दुमडतात आणि पाहुण्याला पाणी देण्यापूर्वी पेला उजेडात धरून पाहतात. त्यांचे यजमान वाहतूक पोलीस होते. पक्षाघाताने त्यांचे पाय गेले, उजवा हातही गेला. तेव्हा सिस्टरांनी त्यांची खाट रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीला लागून मांडली. खिडकीखाली चौक आहे. डाव्या हाताने इशारे करीत हे गृहस्थ दिवसभर तो चौक चालवीत असत. कोणी लाल दिव्याला गाडी दामटली, की याला सासरवाडीचं बोलावणं आलेलं दिसतंय, असा शेरा मारीत. त्यांचे आयुष्य त्या खिडकीएवढेच उरले होते. पण उरले होते.

वरच्या मजल्यावर चष्म्यांचे दुकानदार राहतात. त्यांच्या न्हाणीघराचा नळ भिंतीच्या आत कोठेतरी फुटला आणि पाणी सिस्टरांच्या छतात मुरू लागले. आधी ओल आली, मग काळी बुरशी, आणि एका दुपारी गिलाव्याचा मोठा थर खाटेलगतच्या खुर्चीवर कोसळला. सुदैवाने खुर्ची रिकामी होती. खाट त्याच दिवशी स्वयंपाकघरात हलवावी लागली. तेथे खिडकी नाही. पाहण्याजोगे म्हणाल तर ओटा, मोरी आणि गॅसची शेगडी. यजमानांचे शेरे थांबले. पुढे जेवणही अर्धे ताटात राहू लागले.

छत पुन्हा करून घेणे निवृत्तिवेतनात बसणारे नव्हते. घराचा विमा होता, आणि शेजाऱ्याच्या पाण्याने झालेले नुकसान त्यात येतही होते. मात्र सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत कशालाही हात लावू नये, असा विमा कचेरीचा दंडक होता. चष्मेवाल्यांनाही त्यांच्या विमा कंपनीने बजावले होते, की चूक आपली आहे असे चुकूनही कबूल करायचे नाही. हा मनुष्य वाईट नव्हे. त्यांच्या आईचे शेवटचे आजारपण सिस्टरांनीच काढले होते. परंतु आता लिफ्टमध्ये गाठ पडली, की ते आपल्या चपलांकडे पाहत उभे राहत. दुरुस्ती करावी तर क्लेम बुडतो, न करावी तर छत डोक्यावर येते. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी सिस्टरांची गत झाली.

अखेर एका सकाळी सर्व्हेअरचा फोन आला, की उद्या येतो. आणि सिस्टरांनी तेच केले, जे डॉक्टरांच्या फेरीआधी त्या जन्मभर करीत आल्या होत्या. त्यांनी राडारोडा उचलून टाकला, बुरशी ब्लीचिंगने घासून काढली, डागांवर चुन्याचा हात फिरवला आणि फरशी लख्ख केली. मोठा माणूस पाहायला येणार आणि खोली घाणेरडी, हे त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हते. आधीचे फोटोही कोणी काढले नव्हते. आपण जखम बांधतो, तिचे फोटो काढत नाही, असे त्या नंतर मला म्हणाल्या.

सर्व्हेअर तरुण आणि सभ्य होता. त्याने वर पाहिले, भिंतीवरून बोट फिरवले. गिलावा पडलेला दिसतो, हे त्याने मान्य केले. पण इमारत जुनी आहे, तो वयामुळेही पडला असेल, आणि वयाची भरपाई पॉलिसीत नसते.

"पाणी कुठं आहे, बाई?"

"मी पुसलं," सिस्टर म्हणाल्या.

त्याला वाईट वाटलेले दिसले. पुन्हा ओल आली तर लगेच कळवा, मात्र पुसू नका, असे सांगून तो गेला.

मग ओलीची वाट पाहणे सुरू झाले. छत कोरडेच राहिले. कारण एके दिवशी जिन्यात दिसले: चष्मेवाले खांद्यावर टॉवेल टाकून बहिणीकडे अंघोळीला निघाले होते. सिस्टरांना त्रास नको म्हणून त्यांनी न्हाणीघराचे पाणीच बंद केले होते. तोंडाने कबूल करण्याची सोय नव्हती, म्हणून मुकाट्याने केलेला हा उपकार सिस्टरांच्या गळ्याशी आला होता.

त्या तशाच वर गेल्या. मीही सोबत होतो.

"तुमचा नळ सोडा."

"ताई, माझ्या हातानं तुमचं घर भिजवू?"

"तुम्हाला काही कबूल करायला सांगत नाही मी. फक्त अंघोळ करा. घरी."

बराच वेळ ते टॉवेलची घडी घालीत राहिले. मग आत गेले, आणि पाण्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी छताच्या कोपऱ्यात करडा ठिपका उमटला. सिस्टरांनी सर्व्हेअरला फोन केला. तो म्हणाला, या आठवड्यात जमल्यास येईन. यजमानांनी हट्टाने चाकाची खुर्ची खोलीच्या दारापर्यंत आणवली. त्यापुढे जायला सिस्टरांची परवानगी नव्हती. खिडकी तेथून दिसत होती. चौक दिसत नव्हता.

मी गेलो तेव्हा दोघे दारातच होते. ठिपक्याला ओघळ फुटून पाणी भिंतीवरून खाली येत होते. सिस्टरांच्या हातात फडके होते, आणि तो हात त्यांच्या नकळत भिंतीकडे निघाला. यजमानांनी डाव्या हाताने त्यांचे मनगट धरले.

"असू द्या, सिस्टर. फेरी व्हायचीय अजून."

त्या उभ्या राहिल्या. मनगट यजमानांनी सोडले नाही.