गवतात निजवलेलं पाडस

सिंगापूरमधला माझा शेवटचा रविवार. कऱ्हाडला परतायची बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवली होती, तळाशी ईशानची चार झबलीही. नातू चार महिन्यांचा. सोमवारपासून माझी लेक मुग्धा बँकेत रुजू होणार आणि बाळ बिल्डिंगखालच्या इन्फंट केअरमध्ये (तान्ह्यांच्या पाळणाघरात) जाणार. "परक्यांच्या हाती कशाला? वर्षभर मी नेते त्याला," असं माझं रोजचं टुमणं. ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

मुग्धाच्या घराजवळच्या सेंगकांगहून एमआरटी (तिथली मेट्रो), मग बस करून बाळासह प्राणिसंग्रहालयात पोचलो. उकाड्याने जीव नकोसा झाला. तिथे काया टोस्ट (नारळाच्या दुधाचा गोड मुरंबा लावलेला पाव) खाल्ला. आवडला, पण लेकीला तसं सांगितलं नाही.

पुढे गझेल होती. आफ्रिकेच्या माळावरचं हे हरीण शेळीएवढं, कुशीवर काळा पट्टा, शेपटीला क्षणाची उसंत नाही. कळप लांब चरत होता आणि कुंपणाजवळच्या गवतात एक पाडस एकटंच मुटकुळं करून पडलं होतं.

"काय बाई आई म्हणायची," मी म्हटलं आणि प्राण्यांची देखभाल करणाऱ्या बाईला हाक मारली. "बेबी अलोन. मदर गॉन."

डोक्याला रुमाल बांधलेली ती मलाय बाई हसली. "नॉट गॉन लाह, आंटी." पुढचं तिचं इंग्रजी मला झेपेना, म्हणून मुग्धा सांगू लागली.

"आई, ती म्हणते, माळावर लपायला जागा नसते. आई जवळ थांबली तर तरसाला पाडस सापडतं. म्हणून ती त्याला चाटूनपुसून वास घालवते, गवतात निजवते आणि लांब जाते. पाजायला तेवढी येते. पण लांब असली तरी..." मुग्धाचे डोळे भरले. "तिचं सगळं लक्ष इथंच असतं."

मी पुन्हा पाहिलं. एक मादी घास तोंडात धरून याच गवताकडे बघत होती. मला माझीच लाज वाटली. पोरीला इतके दिवस मी टोचून खाल्लं होतं.

"दुपारी पाजायला येता येईल तुला?" मी विचारलं.

"येईन. दोनच तर स्टेशनं आहेत."

"मग राहू दे त्याला तुझ्यापाशी."

संध्याकाळी झबली काढून कपाटात ठेवली.

कऱ्हाडला बॅग उपसली, तर एक झबलं राहून गेलेलं. धुतलेलंच, तरी तेला-दुधाचा वास गेला नव्हता. पुन्हा पाण्यात घातलं नाही, उशाशी ठेवलंय. वास राहिला तर राहू दे, इथं कुठली तरसं यायला बसलीत?