थोरले दीर दारात आले की

माझ्या सासूबाई, रत्नाबाई, कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. खुब्याचा सांधा बदलल्यावर मात्र डॉक्टर म्हणतील ते निमूट करायच्या. कारण एकच. त्यांना आमच्या भूगावच्या फ्लॅटमधून गावाकडे परत जायचं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, वॉकर सुटला की खुशाल जा. गावी त्यांचे थोरले दीर गेणबा एकटे होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही. सासूबाईंनीच जन्मभर त्यांना भाकरी घातली.

आणि इतकं असून दोघं एकमेकांशी बोलत नसत. थोरल्या दिरापुढे पदर ढळू द्यायचा नाही, बसायचं तर नाहीच. ते आले की उठून उभं राहायचं. काही सांगायचं तर तिसऱ्याच्या नावाने, 'वाढलंय म्हणावं.' घरात तिसरं कुणी नसलं तरी हेच. लग्न होऊन आले तेव्हा मला भारी हसू यायचं.

ऑपरेशननंतर आम्ही घर पार बदललं. पायपुसणी, सतरंज्या उचलल्या. संडासात धरायला दांडी बसवली, हातांची उंच खुर्ची आणली. बाथरूमबाहेर पाणी सांडलं की मी नवऱ्यावर, प्रमोदवर, वसकायचे. वॉकर धरल्याशिवाय उठायचं नाही, वाकायचं नाही, झटका द्यायचा नाही, सगळं सासूबाईंना पाठ. "लेकरू चालाय शिकतं तसं झालंय बघ माझं," म्हणायच्या. चालणं खरंच सुधारत होतं.

एका दुपारी बेल वाजली. दारात आप्पा, हातात तांदळाची पिशवी. न सांगता एसटीने आलेले. चपला काढता काढता ते सवयीने खाकरले.

सासूबाई खुर्चीत होत्या, वॉकर हाताशी. खाकरणं ऐकलं आणि त्या उठल्या. आयुष्यभर उठत आल्या तशा, एका दमात. वॉकरकडे जायचे ते दोन्ही हात पदराकडे गेले. मी "आई!" म्हणेपर्यंत त्या फरशीवर होत्या.

नव्या सांध्याखालचं हाड मोडलं. पुन्हा ऑपरेशन झालं, पण या वेळी डॉक्टरांनी वॉकरचं नावही काढलं नाही. मला भयंकर राग आला. आप्पांवर काढावा, तर ते बिचारे मायेनं आलेले. त्या मेल्या रिवाजाचाच राग. पायपुसणं उचलता येतं, हा कुठून उचलणार होते मी?

आप्पा त्यानंतर आलेच नाहीत. प्रमोद आणायला गेला तर म्हणाले, "म्या न्हाई येत. म्या दिसलो का ती उठंल." इकडे सासूबाई दाराकडे बघत पडून असायच्या. गावाचं नाव त्यांनी घेणंच सोडलं होतं.

शेवटी प्रमोदने आप्पांना जबरदस्तीने गाडीत घातलं. दारापर्यंत आले, पण उंबऱ्याआत पाऊल टाकेनात. मान खाली घालून तिथेच उभे राहिले. मी 'आत या' म्हटलं, प्रमोदने हात धरला, तरी हलले नाहीत.

सासूबाईंनी पलंगावरून पाहिलं. पदर डोक्यावर ओढला आणि जन्मात पहिल्यांदा सरळ त्यांच्याशीच बोलल्या,

"या भावजी, आत या. भिऊ नका. आता मला उठताच येत न्हाई."