उघडं ट्रान्झॅक्शन आणि मिरचीचे भजे

तक्रार मिटली की विसरली जाते, किस्सा मात्र राहतो! यवतमाळच्या आमच्या ऑफिसात किस्से इतके साचलेत, की सांगायला बसलो तर चहा थंड होतो.

आधी काम सांगतो. जिल्ह्यातल्या कापूस खरेदी केंद्रांची टोकनं आमच्या सर्व्हरवरून निघतात. ऑपरेटरने नोंद सुरू केली की ट्रान्झॅक्शन उघडतं, आणि तो कमिट, म्हणजे नोंद पक्की, करेपर्यंत पुढचं टोकन अडतं. न्हाणीची कडी आतून लावली की बाहेरचे उभे, तसं! कडी कोणी लावली, कधीपासून, हे सगळ्या केंद्रांचं भिंतीवरच्या एकाच स्क्रीनवर दिसतं. तो स्क्रीन आमच्या प्रमुख राठोड मॅडमनी बनवला. नागपूरच्या हेड ऑफिसातसुद्धा असा नाही, सांगून ठेवतो!

अडवणाऱ्याचं सेशन, म्हणजे त्याची चालू जोडणी, इथूनच मारता येतं, पण त्या माणसाचं अर्धं काम वाया जातं. म्हणून मॅडमचा नियम: आधी विचारायचं.

*

एकदा मुकुटबन केंद्राचं सेशन अडलं. आमच्या सलीमभाईंनी तिथल्या ऑपरेटरला फोन लावला, "दादा, जेवून राह्यले का?"

"हो. तुमाले माहं ताट दिसते काय?"

"ताट नाही दिसत, उघडं ट्रान्झॅक्शन दिसते. कमिट करा, मग वरण घ्या!"

*

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. सगळी केंद्रं ठप्प, आणि मी धावत्या क्वेरी, म्हणजे सर्व्हरवर चालू असलेली कामं, तपासत बसलेलो. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"जो ओरडून राह्यला त्याले कायले पाह्यतं? चूप कोण बसला ते पाह्य. तांड्यावर भांडण झालं की माही याडी, म्हंजे माय, असंच शोधे."

खरंच, एक सेशन ट्रान्झॅक्शन उघडं टाकून निवांत झोपलं होतं!

*

सलीमभाई मेकॅनिकच्या घरचे. खाली कोणाची तरी बाइक सुरू होईना, म्हणून अर्धवट अपडेट सोडून हे पाना घेऊन गेले. परत आले तर आम्हा सगळ्यांची बोटं स्क्रीनकडे. वर त्यांचंच नाव! भाईंनी कमिट केलं आणि तसेच जाऊन सगळ्यांसाठी भजे आणले. तेव्हापासून रीतच पडली. कडी ज्याची, भजे त्याचे!

*

मग हेड ऑफिसने सर्व्हर नागपूरला हलवायचं ठरवलं. आमची खोलीच बंद होणार होती. तिथले साहेब गाडी घेऊन आले, लॅपटॉपवर एका केंद्राची माहिती दुरुस्त करायला घेतली आणि मधेच जेवायला गेले. परत येतात तो सगळ्या केंद्रांचे फोन खणखणताहेत.

"हे असं चालतं, म्हणूनच न्यायचाय सर्व्हर!" साहेब कडाडले. "ज्याचं असेल त्याचं सेशन मारा!"

"इचारल्याशिवाय नाही मारत आमी," मॅडम म्हणाल्या.

"मग विचारा!"

मॅडमनी स्क्रीनकडे बोट केलं. "साहेब, भजे कांद्याचे आनता का मिरचीचे?"

साहेबांनी स्क्रीन पाहिला. लॅपटॉप उघडला, कमिट केलं आणि सरळ खाली गेले.

सर्व्हर न्यायला आणलेल्या गाडीतून भजे आले. मिरचीचे!