काढून टाकलेली गादी

ओट्याखालच्या कपाटातून कुकर काढायला मी उकिडवी बसले आणि उठता उठता मागे वळले. उजव्या गुडघ्यात कट्कन काहीतरी झालं. एवढंच. डोंगरबिंगर चढताना झालं असतं तर चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. मी शिकवते त्या शाळेत सरळ ‘जिन्यावर घसरले’ असं ठोकून दिलं.

एमआरआय झाला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, दोन हाडांच्या मधे जी कूर्चेची गादी असते तिची कड फाटली होती. हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थरही जरा झिजायला लागला होता. म्हणजे संधिवाताची पावलं. ते म्हणाले, “दूरबीन से फटा हुआ टुकड़ा निकाल देंगे, मैडम. दूसरे दिन घर.”

हे ऐकून घरात सगळ्यांना हायसं वाटलं, कारण आमच्या घरात या ऑपरेशनचा इतिहास होता आणि तो विजयाचा होता. माझा मोठा भाऊ कॉलेजात खो-खो खेळायचा. त्याची गादी फाटली तेव्हा दुर्बीण वगैरे नव्हती, गुडघा उघडून अख्खी गादीच काढली होती. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं आणि उन्हाळ्याच्या आधी दादा मैदानात उतरला. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की माझ्या नवऱ्यालाही पाठ आहे.

मल्हारगंजला माहेरी रविवारी विषय निघालाच. वहिनी म्हणाली, “इतना क्या सोचना? काढून टाक ना. यांचं बघ, काही झालं का?” नवरा म्हणाला, “वही तो. एकदाची कटकट जाईल.” दादा खाली मान घालून शेव खात राहिला. आईही ऐंशीच्या पुढे गेल्यापासून गप्पांत फारशी पडत नाही.

मी मात्र गणिताची मास्तरीण. एकाच उदाहरणावरून सिद्धांत मांडणाऱ्या मुलांना मी वर्गात धारेवर धरते, मग स्वतःच्या गुडघ्याचा निकाल दादाच्या एका गुडघ्यावरून कसा लावणार? मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. वहिनीला ते शंकेखोरपणाचं वाटलं. दादा आपण होऊन गाडी घेऊन सोबत आला.

हे डॉक्टर सावकाश बोलणारे निघाले. तरुण माणसाची गादी खेळताना ताजी फाटली, तर बहुतेक वेळा टाके घालून ती वाचवायचा प्रयत्न करतात, असं ते म्हणाले. माझी झिजून विरत गेलेली, जुन्या साडीला टाका टिकत नाही तसं. तुकडा काढला तर लवकर बरं वाटू शकतं, पण गादी तेवढी कमी होते आणि हाडांवरचा भार वाढतो. मांड्यांचे व्यायाम नेटाने केले तर माझ्यासारख्यांना काही महिन्यांत साधारण तेवढाच आराम पडतो, आणि गादीही जागेवर राहते. “गुडघा अडकतो का, म्हणजे सरळच होत नाही असं?” त्यांनी विचारलं. तसं होत नव्हतं. “मग आधी व्यायाम करून बघा.”

“याने संधिवात थांबेल?” मी विचारलं.

“थांबेल असं कुणीच सांगू शकत नाही. आपण त्याला घाई करायला लावायची नाही, इतकंच.”

मला राग आला. फी देऊन माणूस खात्री विकत घ्यायला जातो.

शेजारच्या खोलीत फिजिओथेरपिस्ट मुलीने मला खुर्चीवर बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. कण्हत कण्हत मी उठले. दादा कोपऱ्यात बसून मिश्किल हसत होता. ती हसत त्याला म्हणाली, “अंकलजी, अब आप भी करके दिखाओ.” दादाने हात छातीशी बांधले, पुढे वाकला, आणि उठलाच नाही. पुन्हा वाकला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून उभा राहिला, तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

दादाने गाडी काढली. सिग्नलला म्हणाला, “तू नको काढू. मेरी बात मान.”

मग हळूहळू त्याने सांगितलं. आमच्या मंडळाच्या गणपतीत अजून जमिनीवर पंगत बसते, आणि श्रीखंड वाढायचा मान वर्षानुवर्षं दादाचा. प्रत्येक पानापाशी वाकायचं. काही वर्षांपासून तो दारापाशी खुर्ची टाकून कूपनं घेतो. आम्हाला वाटलं, वयाने मोठा झाला, मानाची जागा मिळाली. मी तर ‘साहेब झालात’ म्हणून चिडवायचे. खरं म्हणजे त्याला वाकताच येत नव्हतं. गादी नसलेल्या त्या गुडघ्यात आता हाडावर हाड घासतं. डॉक्टर गुडघा बदला म्हणतात आणि तो टाळतो.

“वहिनीला माहीत नाही?”

“तिला वाटतं पाय दुखतात, उम्र हो गई. आईला मात्र सांगू नको हां. ऑपरेशनचं तिनेच ठरवलं होतं.”

मी ऑपरेशन केलं नाही. शाळेतून येताना माहेरी थांबते आणि खालच्या खोलीत आईच्या पलंगावर व्यायाम करते; दादा-वहिनी वरच्या मजल्यावर असतात. पाय सरळ, वर, धरून ठेवायचा, खाली. कंटाळवाणा प्रकार आहे, कधी दांडीही मारते. पण दुखणं बरंच कमी झालंय आणि जिना चढते. पुढचं पुढे.

परवा मी पाय उचलून धरला होता तेव्हा आई म्हणाली, “तो चहाला खाली यायच्या आत आटप.”

“का गं?”

“त्याच्यासमोर नको करूस. त्याला हे कुणी शिकवलं नाही ना.” ती पदराचं टोक चाचपत राहिली. “डॉक्टर म्हणत होते, थोडं थांबून बघू. मीच म्हटलं, पोराचे सामने आलेत, काढून टाका.”

माझा पाय आपोआप खाली आला.  थोडं थांबूनही तेव्हाच्या डॉक्टरांनी शेवटी गादीच काढली असती, हे सांगून तिला काही हलकं वाटणार नव्हतं.

“तुला कधीपासून माहीत आहे?” मी विचारलं.

“एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरतो तो. मला ऐकू येतं. पण मला ऐकू येतं, हे त्याला कळायला नको.”

वर दाराची कडी वाजली. आईने उशाशी हात घालून रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.